काचेपलीकडचे पाय



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांना व्याख्यानं फारशी आवडत नसत. पहिल्या वर्षाच्या मुलांना ते चिरफाडीच्या तासाआधी एक काम देत. एकच कावळा निवडायचा, तासभर त्याच्याकडे बघायचं आणि जे दिसलं तेवढंच लिहून आणायचं. जे ‘वाटलं’ ते लिहायचं नाही. बहुतेकांची मजल ‘कावळा इकडेतिकडे बघत होता’ याच्या पुढे जात नसे. कार्यवाहांनी मला ‘पक्षी आणि पर्यावरण’ असा ऐसपैस विषय सुचवला होता. सरांचा मान राखून मी तो आवळला आणि एकाच पक्ष्यावर आणला, तोही काचेमागच्या. मत्स्यालयात किंवा प्राणिसंग्रहालयात आयुष्य काढणाऱ्या पेंग्विनबद्दल मी आज बोलणार आहे.

माझी पात्रता आधीच सांगून टाकतो. मी पशुवैद्य, आणि उभी नोकरी कोंबड्यांच्या शेडमध्ये गेली. पेंग्विनसारख्या बड्या पाहुण्याबद्दल कोंबड्यांच्या डॉक्टरानं बोलावं हे काहींना खटकेल. पण पेंग्विनच्या आजारांवरचं वाचायला बसलो, तेव्हा परगावच्या लग्नात आपल्या गावची माणसं भेटावीत तसे एकेक ओळखीचे रोग भेटत गेले. पीसझड, तळव्याचे फोड, बुरशीनं धरलेली छाती, अंड्यावर हट्टानं बसणं. त्यामुळे थोडा धीर आला.

सुरुवात भायखळ्यापासूनच करू या. जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलच्या मत्स्यालयातून आठ हम्बोल्ट पेंग्विन तिथल्या राणीच्या बागेत आले. ऑक्टोबरमध्ये त्यातली एक मादी दगावली. मार्च २०१७ मध्ये कक्ष लोकांसाठी उघडला. त्याच वर्षी बागेचं तिकीट ५ रुपयांचं ५० रुपये झालं आणि पेंग्विन हा महापालिकेच्या राजकारणातला कायमचा शब्द झाला. कोणी आणले, कितीला आणले, कंत्राट कोणाला, पुढे पिल्लं झाली तर त्यांची नावं मराठी का नाहीत, इथपर्यंत सगळ्यावर मोर्चे झाले. त्या वादात मी शिरणार नाही. एक मात्र खरं, की इतक्या गदारोळात त्या पक्ष्यांच्या पायांबद्दल मी कुठे चकार शब्द वाचला नाही.

बागेत जाणाऱ्याच्या मनात पेंग्विन म्हटलं की बर्फ असतो, आणि कक्षातलं तापमान १६ ते १८ अंश ठेवतात हे ऐकलं की ती समजूत आणखी पक्की होते. हम्बोल्ट पेंग्विनचा मुलूख म्हणजे पेरू आणि चिली यांचा किनारा. एका बाजूला हम्बोल्ट प्रवाहाचं गार, माशांनी गच्च भरलेलं पाणी आणि दुसऱ्या बाजूला जगातल्या सर्वांत कोरड्या वाळवंटांपैकी एक, अटाकामा. हा पक्षी बर्फात घरटं करत नाही. समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे शतकानुशतकं साठत गेलेले थर, ज्याला ग्वानो म्हणतात, त्यात तो बीळ खणतो आणि उन्हापासून अंडी लपवतो. चेहऱ्यावर चोचीच्या बुडाशी पिसं नसलेली गुलाबी कातडी असते. तिथून तो अंगातली उष्णता बाहेर टाकतो. ऊन वाढलं की पंख अंगापासून दूर धरून, चोच उघडी टाकून धापा टाकतो. अशा पक्ष्याला आपण मनातल्या मनात हिमनगावर उभं करतो.

हा ग्वानोच त्याच्या मुळावर आला. १९ व्या शतकात युरोपच्या शेतीला खत हवं होतं. पेरूच्या बेटांवरून तो थर जहाजंच्या जहाजं भरून नेला आणि पेंग्विनच्या पायाखाली नुसता खडक उरला. त्यावर १९८२-८३ चा एल निनो आला. पाणी तापलं, मासे खोल गेले आणि पक्षी मोठ्या संख्येनं उपाशी मेले. आज रानात या जातीचे प्रौढ पक्षी सुमारे २४,००० धरतात. पेरूमध्ये पुंता सान हुआन या टोकावर भिंत बांधून वसाहत राखली आहे. ही भिंत मुळात ग्वानो राखण्यासाठी होती, हे मला फार आवडतं. खताच्या लोभानं बांधलेल्या भिंतीच्या आडोशाला पक्षी टिकले.

मग वाळवंटी किनाऱ्याच्या पक्ष्याला मुंबईत एसी कशाला? युरोपात आणि जपानमध्ये किती तरी हम्बोल्ट पेंग्विन उघड्यावर राहतात. याचं उत्तर थंडीपेक्षा हवेत जास्त आहे, आणि इथे कोंबड्यांचा डॉक्टर कामाला येतो. ओलसर तूस पसरलेल्या शेडमध्ये एक बुरशी वाढते, ॲस्परजिलस. कोवळी पिल्लं तिचे बीजाणू श्वासातून घेतात आणि आठवड्याभरात माना टाकून धापा टाकू लागतात. पोल्ट्रीवाले त्याला ब्रूडर न्यूमोनिया म्हणतात. कैदेतल्या पेंग्विनचा सर्वांत मोठा वैरी हीच बुरशी. समुद्रावरच्या वाऱ्यात तिचे बीजाणू नगण्य, म्हणून या पक्ष्यांच्या पिढ्यांची तिच्याशी कधी गाठच पडली नव्हती. बंद दालनात ओल, जुनी भिंत, शेजारी चाललेलं बांधकाम, एवढं तिला पुरतं. पक्ष्याच्या शरीरात फुप्फुसाला जोडलेल्या हवेच्या पिशव्या असतात आणि त्यांना रक्तपुरवठा अगदी कमी. बुरशी तिथे बसली की तिच्याशी लढायला शरीराचं सैन्य पोचतच नाही. औषधं आहेत, पण ती महिनोन् महिने द्यावी लागतात आणि उशीर झाला तर व्यर्थ जातात. म्हणून चांगल्या कक्षात हवा बारीक गाळण्यांतून येते आणि तासाला कितीदा बदलायची ते ठरलेलं असतं. बघणाऱ्याला हे काहीच दिसत नाही. त्याला पाणी दिसतं.

दुसरा वैरी आपल्याला घरचाच वाटेल, डास. पक्ष्यांचा मलेरिया वेगळा असतो, तो माणसाला होत नाही. चिमण्यांच्या अंगात तो असून नसल्यासारखा राहतो. पेंग्विनच्या अंगात गेला तर पक्षी दोन दिवसांत जातो, कधी कधी काही लक्षण दिसायच्या आतच. २०१२ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सहा हम्बोल्ट पेंग्विन याच रोगानं गेले. लंडनच्या उन्हाळ्यात ही गत, तर भायखळ्याच्या पावसाळ्याचा विचार करा. त्या काचेचं आणि बंद दारांचं खरं काम डासाला बाहेर ठेवणं हे आहे, असं माझं मत. गारवा त्याबरोबर येतो.

आता पायांकडे येतो. त्यासाठी लंडनलाच जरा थांबू.

१९३४ मध्ये तिथे पेंग्विनसाठी एक तलाव बांधला. बर्थोल्ड ल्युबेटकिन आणि त्याच्या टेक्टन या मंडळीची रचना, अभियंता ओव्ह अरुप. अंडाकृती पांढरं कुंड आणि त्यात अधांतरी तरंगल्यासारखे, एकमेकांभोवती वळसे घेणारे काँक्रीटचे दोन उतार. काँक्रीट असं वळू शकतं हे तोवर लोकांनी पाहिलं नव्हतं. आजही स्थापत्यशास्त्राच्या पुस्तकांत त्याचं चित्र असतं आणि ब्रिटनच्या वारसा वास्तूंच्या यादीत ते सर्वोच्च दर्जात आहे. माणसांना ते रंगमंचासारखं दिसायचं. पेंग्विन उतारावरून डुलत डुलत खाली येणार आणि भोवतीचे लोक हसणार, अशी ती योजना. पण पेंग्विनला पोहायला खोली हवी असते आणि कुंड उथळ होतं. बीळ हवं असतं, ते नव्हतं. आणि पायाखाली सतत तेच कडक काँक्रीट. पक्ष्यांच्या तळव्यांना फोड येऊ लागले. पशुवैद्यकात त्याला बंबलफूट म्हणतात. २००४ मध्ये दुरुस्तीसाठी पेंग्विन दुसऱ्या एका तळ्यावर हलवले. तिथे ते इतके रमले की परत आणलेच नाहीत. २०११ मध्ये त्यांना वाळूचा, गोट्यांचा, खोल पाण्याचा नवा किनारा मिळाला. ती सुंदर वास्तू रिकामी राहिली. मला तिचा राग येत नाही. ल्युबेटकिनला कोणी पेंग्विनच्या तळव्याचं चित्र दाखवलं नसावं, इतकंच.

बंबलफूट कोंबडीलाही होतो. उंच दांडीवरून कडक जमिनीवर सारखी उडी घेणाऱ्या जड कोंबडीच्या तळव्याला आधी कातडी गुळगुळीत होते, रेघा पुसल्या जातात. मग तिथे घट्टा पडतो, तो फाटतो, आत जंतू शिरतात आणि पू धरतो. शेवटी हाडापर्यंत जातो. पेंग्विनचं वजन साधारण चार-पाच किलो, पण दोष वजनाचा नाही. रानात या पक्ष्याच्या दिवसाचा मोठा भाग पाण्यात जातो. पाण्यात पायांवर भार नसतो. काचेमागे त्याला पाण्यात जायला कारणच उरत नाही. मासे हातातून मिळतात, ठरल्या वेळी, कोरड्या खडकावर. मग तो उभा राहतो. दिवसभर, महिनोन् महिने, त्याच चार आवडत्या जागांवर. आपण काचेतून बघतो आणि म्हणतो, बघा कसा शांत उभा आहे! माझ्यासारख्याला तो शांतपणा बघून काळजी वाटते.

म्हणून चांगल्या ठिकाणचे रखवालदार सगळी हुशारी पक्ष्याला पाण्यात ढकलण्यात खर्च करतात. मासे पाण्यात फेकायचे, तेही वेळ बदलून. पाण्यात बुडबुड्यांचा झोत सोडायचा. भिंतीवर प्रकाशाचा ठिपका फिरवायचा, पक्षी त्याच्या मागे धावतात. बर्फाचे खडे टाकायचे. जमिनीवर कुठे गोटे, कुठे वाळू, कुठे मऊ चटई अंथरायची आणि त्यांच्या जागा अधूनमधून हलवायच्या. दर काही आठवड्यांनी प्रत्येकाला उचलून तळवे उताणे करून बघायचे आणि फोटो काढून ठेवायचे. एका पक्ष्याच्या तळव्याच्या वर्षभराच्या फोटोंवरून त्या कक्षाची प्रकृती कळते. मी जर पाहणी समितीवर असतो तर सर्वांत आधी तीच वही मागितली असती.

कधी कधी मात्र हे काम पक्षीच करून दाखवतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या प्राणिसंग्रहालयात ४६ मॅगेलॅनिक पेंग्विन होते. हे हम्बोल्टचे सख्खे चुलत. वर्षानुवर्षं त्यांचं बस्तान बसलेलं, थोडं पोहायचं आणि मग बिळात पडून राहायचं. २००२ च्या अखेरीस ओहायोहून सहा नवे पक्षी तिथे आणले. नवे आले ते थेट पाण्यात उतरले आणि कुंडाला गोल गोल फेऱ्या घालू लागले. थोड्याच वेळात जुने ४६ ही त्यांच्या मागे. पुढे कित्येक आठवडे, सकाळपासून अंधार पडेपर्यंत, सगळे एकाच दिशेनं पोहत होते. वर्तमानपत्रांनी लिहिलं की हे स्थलांतराची आठवण काढत आहेत. असेल. मला त्यातून एवढंच दिसलं की ज्या पक्ष्यांना पाण्यात न्यायला माणसांनी युक्त्या लढवल्या असत्या, त्यांना सहा शेजाऱ्यांनी दिवसात नेलं. पेंग्विन हा कळपाचं बघून वागणारा प्राणी. एकट्या-दुकट्याला पाळणं म्हणजे त्याला अर्धा पेंग्विन करून ठेवणं.

टोकियोची गोष्ट याच्या उलट वाटेनं जाते. मार्च २०१२ मध्ये तिथल्या एका समुद्री उद्यानातून जेमतेम वर्षाचा एक हम्बोल्ट पेंग्विन खडकाची भिंत चढून, कुंपणातल्या फटीतून पसार झाला. त्याला नाव नव्हतं, क्रमांक होता, ३३७. जन्मापासून हातून मासे खाल्लेला पक्षी, आणि बाहेर टोकियोचा उपसागर, बोटी, सांडपाणी. तज्ज्ञांना काळजी होती. पण ८२ दिवसांनी एका नदीकाठी तो सापडला तेव्हा ठणठणीत होता. मासे पकडायला त्याला कोणी शिकवलं नव्हतं आणि शिकवायची गरजही नव्हती. हातानं भरवलेले पक्षी परावलंबी होतात असं जे सरसकट म्हणतात त्यांनी हा ३३७ ध्यानात ठेवावा. परत आणल्यावर त्याच्या डोळ्यांना संसर्ग झाला, हेही त्या कहाणीतलंच.

माशांबद्दल थोडं बोलायला हवं, कारण इथे मराठी माणसाचं लक्ष लगेच जागं होतं. हम्बोल्टचं रानातलं मुख्य अन्न आंचोवेता. हा मासा आपल्या मांदेलीच्या कुळातला. कैदेत मात्र गोठवलेले मासे देतात, आणि ते जाणूनबुजून. गोठवण्यानं माशातल्या सूक्ष्म कृमी मरतात. पण तारली-मांदेलीच्या कुळातल्या माशांत असं एक विकर असतं, जे ब-१ जीवनसत्त्व फोडून टाकतं, आणि मासा साठवणीत पडला की हे काम चालूच राहतं. महिनोन् महिने नुसते असे मासे घातले तर पक्षी लडखडतो, मान वाकडी करतो, झटके येतात. म्हणून रोजच्या पहिल्या माशाच्या कल्ल्यात जीवनसत्त्वाची गोळी खोचतात. मासा रात्रभर शीतकपाटात हळूहळू मोकळा होऊ देतात. नळाखाली धरला तर पाण्याबरोबर सत्त्वही निघून जातं, जे कोणत्याही कोळणीला सांगावं लागणार नाही. आणि भरवताना डोकं आधी. शेपटीकडून दिला तर कल्ले आणि काटे घशात उलटे अडकतात.

त्यांच्या आवडीनिवडीचं मात्र मला कोडं पडतं. २०१५ मध्ये जनुकांच्या अभ्यासातून असं निघालं की पेंग्विनच्या जातींनी गोड, कडू आणि मांसाची ती खास चव ओळखण्याची क्षमता गमावली आहे. उरली ती खारट आणि आंबट. जिभेवर काटे असतात, ते निसटता मासा धरायला. थोडक्यात, चवीचा यांना गंध नाही. आणि तरीही २०२२ मध्ये जपानच्या हाकोने इथल्या मत्स्यालयात महागाईमुळे ‘आजी’ नावाचा नेहमीचा मासा बंद करून स्वस्त साबा, म्हणजे बांगड्याच्या कुळातला मासा सुरू केला, तर पेंग्विननी चोच मिटून तोंड फिरवलं. काहींनी घेतला आणि टाकला. रखवालदारांना दोन्ही मिसळून, चकवून द्यावा लागला. जीभ नाही पण नखरा आहे! माशाचा आकार, जाडी, चोचीत तो कसा वळतो, ही सवय चवीइतकीच पक्की असते, असं मी याचं उत्तर देतो.

आता पीसझड. वर्षातून एकदा पेंग्विन सगळी पिसं एकदम टाकतो. इतर बहुतेक पक्षी थोडी थोडी बदलतात, म्हणून उडत राहतात. पेंग्विनला तसं करून चालत नाही, कारण पिसांचं चिलखत फुटलं की पाणी आत शिरतं. आधी दोन-तीन आठवडे तो हावरटासारखा खातो आणि गोल होतो. मग पिसं सुटू लागतात, ठिगळं लोंबतात, पंख सुजतात. या काळात तो पाण्यात जात नाही, रानात तर खाऊच शकत नाही. दोन-तीन आठवडे साठवलेल्या चरबीवर उभा राहतो, तिरसट, एकलकोंडा, कोणी जवळ आलं तर चोच मारणारा. पंखावर ओळखीची रंगीत पट्टी असेल तर ती आधी काढायला हवी, नाहीतर सुजलेल्या पंखाला काचते. नेमका हाच काळ प्रेक्षकांच्या तक्रारींचा असतो. पक्षी आजारी आहे, उपाशी ठेवलाय, कुठे कळवायचं? खरी काळजी उलटी हवी. ज्या वर्षी पीस झडतच नाही किंवा अर्ध्यात थांबतं, त्या वर्षी काहीतरी बिघडलंय.

आणि बहुतेकदा बिघडलेला असतो दिवा. पीसझड आणि वीण दोन्ही दिवसाच्या लांबीवर चालतात. पोल्ट्रीवाल्याला हे सांगायला नको, अंडी वाढवायला तो दिव्यांचे तास वाढवतच असतो. बंद दालनात रात्री सफाईसाठी दिवे चालू राहिले, उशिराची सहल आली म्हणून आणखी दोन तास वाढले, की पक्ष्याच्या शरीराचं पंचांग चुकतं. दिवसाच्या लांबीच्या हिशेबानं मुंबई लंडनपेक्षा या पक्ष्याला जवळची आहे. पुंता सान हुआन विषुववृत्तापासून दक्षिणेला साधारण १५ अंशांवर, मुंबई उत्तरेला १९ वर. ऋतू उलटे, पण दिवस फारसे लहानमोठे होत नाहीत. कक्षाला आकाशाकडे एक खिडकी असणं किती स्वस्त पडेल, असा विचार मनात येतो.

वागणुकीकडे वळतो, कारण तुमच्यातले बरेच जण त्याचीच वाट बघत असतील. नर-मादी दिसायला सारखेच. रक्त किंवा पीस तपासल्याशिवाय कळत नाही. छातीवरचे काळे ठिपके प्रत्येकाचे निराळे, त्यावरून रखवालदार ओळखतात. जोडी जमताना नर मान वर करून, पंख पसरून गाढवासारखा ओरडतो. दोघं समोरासमोर माना झुकवतात. मग गोटे गोळा करणं सुरू होतं आणि शेजाऱ्याचे गोटे चोरणंही. ‘पेंग्विन जन्मभर एकाच जोडीदाराचे’ हे शाळेच्या भिंतीवरचं वाक्य आहे. बरेच जण वर्षानुवर्षं एकत्र नांदतात, पण सोडचिठ्ठ्याही होतात. क्योटोच्या मत्स्यालयात आणि टोकियोच्या सुमिदा मत्स्यालयात दर वर्षी सगळ्या पेंग्विनच्या नात्यांचा तक्ता छापतात. कोण कोणाबरोबर, कोणाचं बिनसलं, कोण एकतर्फी झुरतोय, आणि कोणाचा जीव रखवालदारावरच जडलाय. लोक तो मालिकेसारखा वाचतात. हसण्यावारी नेऊ नका. तो तक्ता करायला वर्षभर रोज बघून लिहावं लागतं. सरांनी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले असते.

सरांचा ‘जे वाटलं ते लिहायचं नाही’ हा नियम बातमीदारांना लावायला हवा होता, ते प्रकरणही जपानचंच. सैतामातल्या तोबू प्राणिसंग्रहालयात ग्रेप नावाचा एक म्हातारा हम्बोल्ट नर होता. त्याची जोडीदारीण त्याला सोडून दुसऱ्याकडे गेली. २०१७ मध्ये एका ॲनिमे मालिकेच्या जाहिरातीसाठी कक्षात पुठ्ठ्याची चित्रं उभी केली. त्यातल्या एका पेंग्विन-मुलीच्या चित्रासमोर ग्रेप तासन् तास मान वर करून उभा राहू लागला. जगभर बातमी झाली, प्रेमभंग झालेला पक्षी चित्राच्या प्रेमात पडला. त्या ऑक्टोबरात, २१ वर्षांचा होऊन तो मेला, तेव्हा लोक खरोखर रडले. दिसलं ते एवढंच: कळपात ज्याची जागा गेली आहे असा एक वृद्ध पक्षी अशा वस्तूजवळ उभा राहतो, जी त्याला हुसकावत नाही. मला हे दुसरं वाक्य पहिल्याहून जास्त लागतं.

जर्मनीत ब्रेमरहाफेनच्या प्राणिसंग्रहालयात नरांनी नरांशीच जोड्या जमवल्या होत्या. २००५ मध्ये प्रजोत्पादन व्हावं म्हणून स्वीडनहून माद्या मागवल्या. लोकांनी निषेध केला, आणि नरांनी माद्यांकडे लक्षही दिलं नाही. २००९ मध्ये तिथल्याच दोन नरांच्या घरट्यात एका जोडीनं टाकून दिलेलं अंडं ठेवलं, तर त्यांनी ते उबवून पिल्लू वाढवलं. खुडूक बसायला मादीच लागते असं आम्ही कोंबड्यांवरून समजत होतो. पेंग्विनमध्ये अंडं उबवणं हे पहिल्यापासूनच दोघांचं काम, सुमारे चाळीस दिवस आळीपाळीनं.

आणि आता पुन्हा भायखळा. १५ ऑगस्ट २०१८ ला तिथे एक पिल्लू अंड्यातून बाहेर आलं, भारतात जन्मलेलं पहिलं पेंग्विन. तारखेमुळे त्याचं फार कौतुक झालं. आठवड्यानं ते गेलं. पिवळा बलक शरीरात नीट शोषला गेला नव्हता. हे कोंबडीच्या पिल्लांतही नित्याचं आहे, आणि नवख्या जोडीचं पहिलं पिल्लू जगणं कोणत्याही पक्ष्यात नशिबाचंच असतं. २०२१ पासून मात्र तिथे पिल्लं जगू लागली, वाढली, त्यांचे वाढदिवस साजरे झाले. वीण होणं हे सगळं काही आलबेल असल्याचं प्रमाणपत्र नव्हे, शेडमधली दमलेली कोंबडीही अंडी घालतेच. पण पिल्लं वाढवून मोठी होणं हे हवा, पाणी, मासे आणि माणसं यांच्याबद्दल बरंच काही सांगतं. तिथल्या रखवालदारांना आणि डॉक्टरांना त्याचं श्रेय द्यायला हवं. ते राजकारणात कोणालाच मिळालं नाही.

यांना ठेवावं का, असा प्रश्न मला नेहमी विचारतात. आठ पक्षी आणायचे की नाही हे विचारण्याची वेळ २०१६ च्या आधी होती, आणि तेव्हा मला कोणी विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं. एवढ्या पैशात आपल्याच तणमोरासाठी, माळढोकासाठी काय काय झालं असतं याचा हिशेब माझ्या डोक्यात आहे. पण इथे जन्मलेलं पिल्लू पेरूला पाठवता येत नाही. रानातला हम्बोल्ट पंधरा-वीस वर्षं जगतो, कैदेत नीट ठेवला तर तिशी गाठतो. म्हणजे आज वाढणारी पिल्लं २०५० मध्येही तिथे असू शकतात. महापालिकेची मुदत पाच वर्षांची, देखभालीचं कंत्राट त्याहून लहान. तिशीपर्यंतच्या जगण्याची तरतूद अंदाजपत्रकात कोणत्या खात्यावर लिहितात, हे मला कोणीतरी समजावून सांगावं.

त्यातला सर्वांत अवघड भाग अंड्यांचाच आहे. बागेतली सगळी पिल्लं सात पक्ष्यांमधल्या मोजक्या जोड्यांची. ती वयात आली की आपसांतच जोड्या जमवतील, भावंडं भावंडांशी. ते टाळायचं तर दुसऱ्या संग्रहालयांशी अदलाबदल हवी. पण ही जात वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, तेव्हा प्रत्येक पक्ष्यामागे दोन देशांचे परवाने आणि त्याच्या वंशावळीची कागदपत्रं लागतात. जागेचाही प्रश्न येतोच. गर्दी वाढली की गोट्यांवरून भांडणं वाढतात, आणि उभ्या राहणाऱ्यांची संख्याही. जगभरची संग्रहालयं यावर एक जुना उपाय करतात. नुसतं अंडं काढून घेतलं तर मादी दुसरं घालते आणि शरीर झिजवत राहते. म्हणून खऱ्याच्या जागी लाकडाचं किंवा प्लास्टरचं अंडं ठेवतात, त्याच वजनाचं, त्याच आकाराचं. जोडी ते आळीपाळीनं उबवते, शेजाऱ्यांवर ओरडते, मुदत संपली की उठते आणि त्या हंगामापुरती थांबते. पुढची दहा वर्षं भायखळ्यात कोणत्या घरट्यात खरं अंडं राहील आणि कोणत्या घरट्यात लाकडाचं, हे रोज बघून लिहिणाऱ्या माणसांनी ठरवायचं आहे, आणि त्यांच्या नेमणुका अजून कंत्राटीच आहेत.